डॉक्टर यायच्या आधी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी खोलीचं दार ढकललं, तेव्हा पारूमावशी आईची दाढी करत होती.

आई पलंगावर उताणी होती. मोडलेल्या पायाला वजन लावलेलं होतं, त्यामुळे तिला कुशीवर वळता येत नव्हतं. गळ्याभोवती टॉवेल आणि हनुवटीपासून कानाच्या पाळीपर्यंत साबणाचा फेस. मावशीने एका हाताने गालाची कातडी ताणून धरली होती आणि दुसऱ्या हातात रेझर होता. शेजारच्या स्टुलावर स्टीलची वाटी. वाटीतल्या पाण्यावर बारीक काळे-पांढरे केस तरंगत होते.

"दार लाव," मावशी म्हणाली. "आधी दार लाव, मग काय बघायचं ते बघ."

मी दार लावलं. हातात चहाचा थर्मास होता. तो कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून धरूनच उभी राहिले. आईचे डोळे मिटलेले होते. ती जागी होती. झोपलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या घट्ट नसतात.

"मावशी, हे काय चाललंय?"

"दिसतंय की काय चाललंय. सातला डॉक्टर येतात. हलू नको गं अक्का, कापेल."

ऑगस्ट २००६. सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलची पहिल्या मजल्यावरची खोली. आई अठ्ठावन्न वर्षांची होती. मे महिन्यातच ती महापालिकेच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. पाच दिवसांपूर्वी दूध घ्यायला बाहेर पडताना ती उंबऱ्यावर अडखळली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं याचं हाडाच्या डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. तिची धाकटी बहीण पारूमावशी त्याच दिवशी अक्कलकोटहून आली आणि रात्रंदिवस तिच्याजवळ राहिली. मी पुण्याला नोकरी करत होते. मला रजा मिळायला चार दिवस गेले. आदल्या रात्री उशिरा घरी पोचले होते आणि आईला पाहत होते ते आत्ता.

मावशीने ओल्या फडक्याने आईचं तोंड पुसलं, पावडर लावली. वाटी बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि जाळीवर अडकलेले केस बोटाने खाली ढकलले. रेझर तिने कापडात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत, साड्यांच्या खाली ठेवला. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी त्या खोलीत काही झालं होतं असं कुणी म्हणालं नसतं.

आईने डोळे उघडले.

"चहा आणलास? साखर घातली नाहीस ना?"

"नाही घातली."

"मग दे. आणि पदर नीट घे. हॉस्पिटल आहे."

मी सोलापूरच्या आमच्या घरात बावीस वर्षं राहिले होते. आई पहाटे साडेचारला आंघोळीला जायची आणि न्हाणीघराची कडी आतून लावायची. शाळा सातची, म्हणून ती लवकर उठते, असं मी धरून चालले होते.

फिजिशियन डॉ. बिराजदार सात वाजून पाच मिनिटांनी आले. हाडाचे डॉक्टर ऑपरेशनला तयार होते. भूल द्यायची की नाही हे बिराजदारांनी ठरवायचं होतं आणि ते पाच दिवस नाही म्हणत होते. आईचं बीपी एकशे नव्वदच्या खाली उतरत नव्हतं. रक्तात साखर निघाली होती. पोटॅशियम सलाईनमधून दिलं की चढायचं, बाटली काढली की पुन्हा घसरायचं. पायाला वजन लावून असं किती दिवस ठेवणार, रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर हातातलं काही राहणार नाही, असं त्यांनी अण्णांना, माझ्या वडिलांना, स्पष्ट सांगितलं होतं.

त्यांनी आईचा हात उचलून दंडावरचे निळे डाग पाहिले.

"हे कशाचे?"

"सुया टोचल्यात की रोज," मावशी म्हणाली.

"सुई डाव्या हाताला आहे. हे उजव्या हातावर आहेत." त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "चेहरा पहिल्यापासून असाच गोल?"

"रिटायर झाली, घरी बसली, भरली जरा."

"तीन महिन्यांत?"

मावशीने खांदे उडवले. डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "बाई, चेहऱ्यावर, अंगावर केस वाढलेत का अलीकडे? वर्षभरात वगैरे?"

"नाही," आई म्हणाली. वर्गात म्हणायची तसं. त्या 'नाही'पुढे हात वर करायची कुणाची छाती नसायची.

"नाही बाई," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मुलगी ना?"

"हो. मी पुण्याला असते."

ते खरं होतं आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि मघाशी लिहिलेली ओळ खोडली.

ते जिना उतरले तसं मी मावशीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"खोटं का सांगितलंस?"

"काय खोटं सांगितलं? अलीकडे वाढलेत का, असं विचारलं त्यांनी. अलीकडे कुठं? अक्काला चौदाव्या वर्षापासून आहेत. आमच्या अव्वाला, तुझ्या आजीला होते, अव्वाच्या आईला होते. अक्काला बघायला आले ना तुमच्या घरचे, तेव्हा अव्वानं चुलीतली राख बोटांना लावली आणि एकेक उपटला. दोन दिवस हनुवटी लालभडक. आणि पावणे काय म्हणाले माहितीय? पोरगी लई लाजरी आहे, गाल बघा कसे लाल होतात!" मावशी हसली आणि लगेच दाराकडे बघून तिने तोंडावर हात धरला. "मलाही येतात चार. ही बघ. तुलाही येतील. नाक आहे म्हणून कुणी डॉक्टरला सांगतं का?"

"मी मघाशी पाहिले ते चार नव्हते, मावशी."

तिने टाकीच्या नळाखाली हात धरला.

"पूर्वी किती होते?"

"मला काय माहीत? सख्खी बहीण असून मी तिचं तोंड कायम स्वच्छच बघितलंय. इथं आले त्या रात्री मला जवळ बोलावलं. म्हणाली, पारू, न्हाणीघरातल्या वरच्या फळीवर डब्यामागं आहे ते उद्या आणून दे. तेव्हा कळलं मला, राख सोडून ब्लेडवर आलीय ते."

"म्हणजे वाढले की नाही, हे तुलाही सांगता येणार नाही."

"तिलाच विचार," मावशी म्हणाली. "हिंमत असली तर."

मी खोलीत गेले. आई छताकडे बघत होती.

"आई, डॉक्टर विचारत होते ना..."

"सांगितलं की त्यांना."

"एवढे कधीपासून वाढलेत?"

"काय?"

"केस."

"कुणाचे?"

"तुझे."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"लीला, काल रात्री आलीस तू. जेवली नसशील, झोपली नसशील. घरी जा आणि डोक्यावरून पाणी घे."

पुन्हा कसं विचारायचं ते मला कळेना. चौदाव्या वर्षापासून असतील तर मावशीचं बरोबर होतं, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण मग डॉक्टरांनी तेच नेमकं का विचारलं, आणि उत्तर ऐकून ओळ का खोडली? आणि सांगायचंच म्हटलं तर सांगायचं काय? आई रोज दाढी करते हे मला कळून अडीच तासही झाले नव्हते.

नऊ वाजता अण्णा डबा घेऊन आले. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतरही ते नऊ म्हणजे नऊला यायचे. मी त्यांना जिन्याखालच्या बाकावर बसवलं. त्यांना यातलं काही माहीत नसणार, म्हणून आडवळणाने सुरुवात केली.

"अण्णा, आईची तब्येत गेल्या वर्षापर्यंत बरी होती का?"

"होती."

"काही बदल? म्हणजे, चेहऱ्यावर वगैरे..."

"केसांचं विचारतेस?"

त्यांनी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन तिचे बंद सारखे केले.

"दहा ब्लेडांचा पुडा आम्हा दोघांना महिनाभर जायचा," ते म्हणाले. "मी एकाआड एक दिवस करतो, मला चार ब्लेडं पुष्कळ. गेल्या दिवाळीनंतर पुडा पंधरा दिवसांत संपायला लागला. या उन्हाळ्यात आठ दिवसांत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एका घरात राहतो आम्ही."

"तिला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे ते?"

"कसं असेल? मी कधी विचारलं नाही."

"सदतीस वर्षं?"

"विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं." त्यांनी घड्याळात पाहिलं. "संपायच्या आत नवा पुडा आणून ठेवायचो. एवढंच."

मी त्यांना डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. खोडलेल्या ओळीचंही सांगितलं. ते पिशवीकडे बघत ऐकत होते.

"मग तुम्ही सांगता का डॉक्टरांना?"

"मी? छे."

"अण्णा, तुम्हालाच नक्की माहीत आहे."

"तू सांग. पण माझं नाव घेऊ नकोस. ब्लेडांचं तर काढूच नकोस." ते उठले. "तिला कळलं की मी मोजत होतो, तर ती माझ्यासमोर बसून जेवणार नाही. शपथ घे."

मी घेतली.

डॉ. बिराजदारांची ओपीडी खाली होती. अकराला त्यांनी मला आत बोलावलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"पाच दिवस मी तो चेहरा बघतोय," ते म्हणाले. "पाच दिवस! रोज हनुवटी बघतोय मी. आणि तुम्ही माझ्या येण्याआधी ती साफ करून ठेवता?"

"मी कालच आले."

"कशासाठी पण?"

"तुम्ही येणार म्हणून."

ते उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले.

"हे बघा. बायकांना केस येतात. कुणाला लहानपणापासून, कुणाला पाळी गेल्यावर. दोरा लावा, ब्लेड लावा, काही करू नका, ज्याची त्याची मर्जी. ब्लेड लावल्यानं वाढतात म्हणतात तेही खरं नाही. त्यासाठी मी कुणाला विचारत बसत नाही. पण वर्षाच्या आत बाईला दाढी येते, सोबत बीपी, साखर, पोटॅशियम कोसळतं, हाड ठिसूळ होतं, तेव्हा शरीरात कुठंतरी हे सगळं तयार होत असतं. ते कुठं, हे शोधायला लागतं. आवाज बदललाय का?"

उन्हाळ्यात दोनदा फोनवर मी आईला अण्णा समजले होते. दोन्ही वेळा आम्ही हसलो होतो. हे मी त्यांना सांगितलं.

"आणि दिवाळीपासून, हे नक्की?"

"नक्की."

"पेशंट बोलल्या?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"घरातून कळलं."

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. "उद्या आणि परवा ब्लेड लावायचं नाही. किती वेगानं येतात ते मला बघायचंय. शुक्रवारी पोटाचा स्कॅन."

हे आणि दिवाळीपासून केस वाढल्याचं आईला त्यांनी स्वतः वर येऊन सांगितलं. कुणी कळवलं ते सांगितलं नाही, पण खोलीत आम्ही तिघीच होतो आणि मावशी माझ्याकडे बघत होती. डॉक्टर गेल्यावर आई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"तुला पुण्यात बसून वाटलं? दिवाळीपासून?"

"हो."

तिने पदर ओढून नाकापर्यंत घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. मावशीने पिशवी भरली.

"तू आमच्या अक्काला चारचौघांत उघडं पाडलंस," ती दारातून म्हणाली. "आमच्या अव्वानं मरेपर्यंत जे झाकलं, ते तू एका सकाळीत उघडं केलंस." दुपारच्या गाडीने ती अक्कलकोटला गेली. रेझरही तिच्याबरोबर गेला.

पुढचे दोन दिवस संध्याकाळी पाच ते सात मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. पहिल्या दिवशी शाळेतल्या चार शिक्षिका मोसंबी घेऊन आल्या.

"इन्फेक्शनची भीती आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांनी कुणाला सोडू नका म्हटलंय."

"आम्ही लांबूनच बघतो की बाईंना."

"नको."

"तोंड तरी दाखवू दे एकदा! आमच्यावर रागावल्या का बाई?"

आतून आईचा आवाज आला. जाड, घोगरा. "सुरेखा, आवाज कमी. दवाखाना आहे हा."

चौघी एकदम गप्प झाल्या, मोसंबी माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. जाताना जिन्यात एकीने विचारलेलं मला ऐकू आलं, आत कोण पुरुष माणूस आहे म्हणून.

गुरुवारी दुपारी आई त्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आरसा आहे तुझ्याकडे?"

मी पर्समधला छोटा आरसा दिला. तिने पदर खाली केला. हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि वरच्या ओठावर केस बोटाला लागतील एवढे वाढले होते. बरेचसे काळे, हनुवटीच्या मध्यावर पांढरे. तिने आरसा डावीकडे धरला, मग उजवीकडे.

"चाळीस वर्षांत मी हे बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. "यायच्या आतच काढायचे."

तिने हनुवटीवरून बोट फिरवलं.

"आमच्या अप्पांसारखी दिसते की गं."

अप्पा म्हणजे तिचे वडील. ती हसते आहे की काय, ते मला नीट कळलं नाही. तिने आरसा उलटा करून माझ्याकडे दिला आणि पदर पुन्हा वर घेतला.

शुक्रवारच्या स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर लिंबाएवढी गाठ दिसली. काय आहे ते कळल्यावर बिराजदारांनी औषधं बदलली, पोटॅशियम टिकायला लागलं आणि स्कॅननंतर नवव्या दिवशी खुब्याचं ऑपरेशन झालं. गाठ ऑक्टोबरमध्ये पुण्यात काढली. ती तपासून आलेल्या कागदावर लिहिलं होतं की ती साधी की दुसरी हे ठामपणे सांगता येत नाही, लक्ष ठेवावं. परत आली तर आधी बीपी चढेल, साखर चढेल, आणि केस. जे जुने आहेत ते राहतील. नव्याने वाढू लागले तर ताबडतोब या, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं.

सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने आम्ही जात राहिलो. दर वेळी डॉक्टर विचारायचे, केस? दर वेळी आई म्हणायची, नाहीत. मावशी दोन वर्षांनी बोलायला लागली. अण्णा २०१५ मध्ये गेले. त्यानंतर आई माझ्याकडे पुण्याला राहायला आली. ती अजूनही साडेचारला उठते, कडी लावते आणि बाहेर येते तेव्हा तिची हनुवटी स्वच्छ असते. रेझर कुठे ठेवते ते मला माहीत नाही. मी शोधलेला नाही. 'तुला कुणी सांगितलं?' हे तिने पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गेल्या गुरुवारी तिला तपासणीला नेलं. ती आता शहात्तर वर्षांची आहे. बीपी एकशे ऐंशी निघालं. साखरही वाढली होती. डॉक्टर नव्या, तिशीच्या बाई. त्यांनी सगळी जुनी फाईल शेवटपर्यंत वाचली आणि खुर्ची आईच्या जवळ सरकवली.

"आजी, चेहऱ्यावरचे केस वाढलेत का अलीकडे?"

आईने माझ्याकडे बोट केलं.

"हिला विचारा," ती म्हणाली. "हिला सगळं कळतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईही बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. स्कॅन सोमवारी सकाळी साडेदहाला आहे.